शिकारी क्रॉसबोचा आवाज कमी करताना: सहा आठवड्यांच्या नोंदी

आधी शब्दांचं बघू. क्रॉसबो म्हणजे चाप ओढून तीर सोडणारं आडवं धनुष्य. त्याच्या तिराला बोल्ट म्हणतात, आणि या कामात नट-बोल्टशीही रोज गाठ पडते. ‘बोल्ट ढिला निघाला’ असं लिहिलं तर नेमकं काय ढिलं निघालं ते कुणालाच कळायचं नाही. म्हणून इथे सुटतो तो तीर आणि आवळला जातो तो बोल्ट. धनुष्याचे जे दोन हात वाकतात त्यांना ‘लिंब’ म्हणायची पद्धत आहे. मी घरात ‘लिंबाला रबर लावतोय’ म्हटलं तेव्हा स्वयंपाकघरातून ‘कशाला?’ असा प्रश्न आला होता. तेव्हापासून मी पातं म्हणतो.

क्रॉसबो रिकर्व्ह जातीचा, म्हणजे चाकं-केबल काही नाही, नुसती पाती आणि दोरी. खेच १७५ पाउंड, म्हणजे सुमारे ७९ किलो. पाती फायबरग्लासची, तीर २० इंची कार्बनचे, टोकासकट २६ ग्रॅम. पुस्तिकेत तिराचं जे किमान वजन दिलंय त्याच्या हे जेमतेम वर. हे वाक्य पुढे उपयोगी पडणार आहे, मला मात्र ते फार उशिरा उपयोगी पडलं.

या खटाटोपाचं कारण एवढंच, की गेल्या हंगामात, परवान्यावर, २८ मीटरवरच्या हरणाच्या पाठीवरून तीर गेला. निशाणा बरोबर होता, आवाज ऐकून हरिण खाली दबलं. घरी येऊन गणित केलं. माझा तीर सेकंदाला ७५ मीटर जातो आणि आवाज ३४३. म्हणजे तिराला ०.३७ सेकंद लागले आणि आवाज ०.०८ मध्ये पोचला. पाऊण सेकंदाच्या निम्म्याहून कमी वेळात सगळा खेळ, त्यातला बराचसा हरणाच्या पदरात. तीर आवाजाच्या पुढे काढणं माझ्या हातात नाही. आवाज लहान करणं आहे.

३ ऑगस्ट

सुरुवातच फसली. फोनवर डेसिबल मोजायचं फुकट अॅप घेतलं, फोन दस्त्यापासून हातभर अंतरावर ठेवला आणि पाच तीर सोडले. पाचही वेळा आकडा तोच, दशांशाच्या फरकाने. मला वाटलं, वा, काय सातत्य आहे. मग भाता काढून एक तीर सोडला, तरी तोच आकडा. टाळी वाजवली, तरी जवळपास तोच. फोनचा माइक बोलण्यासाठी असतो, एवढ्या जवळचा दणका आला की तो भरून जातो आणि वर काय झालं ते त्याला कळतच नाही. शिवाय ही अॅप्स आवाजाची सरासरी काढतात, आणि क्रॉसबोचा आवाज सरासरी काढायला थांबत नाही.

अख्खी संध्याकाळ गेली. हाती शून्य.

४ ऑगस्ट

अॅप काढून टाकलं. त्याऐवजी साधं रेकॉर्डिंग, वेव्ह स्वरूपात, आवाज आपोआप कमीजास्त करणारी सोय बंद करून. ती सुरू असेल तर फोन मोठा आवाज स्वतःच खाली ओढतो आणि आपण उगाच खूश होतो. फोन ६ मीटर मागे, एका बाजूला, स्टुलावर घडी घातलेल्या टॉवेलवर. आलेख उघडून बघितला: कालच्या रेकॉर्डिंगमध्ये आलेखाचं डोकं कात्रीने कापल्यासारखं सपाट होतं, आज नीट टोक दिसतंय.

फोनवर भरवसा ठेवावा का हे बघायला एक चाचणी केली. दोन लाकडी ठोकळे एकमेकांवर आपटले, एकदा ६ मीटरवर, एकदा १२ वर. उघड्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरायला हवा. दहा वेळा आपटून सरासरी ५.५ आली. चालतंय. खरा आकडा हा फोन सांगणार नाही, पण कालच्यापेक्षा आज किती, हे सांगेल. पुढचे सगळे आकडे असेच, आजच्या दिवसाला शून्य धरून.

आलेखात एक गोष्ट दिसली जी मला कानाने कधी कळली नव्हती. आवाज एक नाही, दोन आहेत. आधी एक उभा सुळका, तो ‘धप्प’. त्याच्या मागे शेपटी, सुमारे ०.३ सेकंदाची, ती ‘झ्झंण’. शेपटीच्या आत मधेमधे बारीक खुळखुळ.

एक सूचना इथेच. आवाज ऐकायला म्हणून कुणालाही समोरच्या बाजूला, झाडामागे वगैरे उभं करू नका. समोरचा आवाज हवा असेल तर फोन ठेवा, वाळूच्या पोत्याआड. आणि तीर न लावता चाप कधीही ओढू नका, ‘नुसता दोरीचा आवाज ऐकू’ म्हणूनही नाही. यावर पुढे माझीच एक नोंद आहे.

७ ऑगस्ट

आजचा दिवस मुलीचा. ती तबला शिकते, तिच्या कानावर माझ्यापेक्षा माझा जास्त विश्वास. क्रॉसबो उतरवलेला, दोरी न ताणलेली, टेबलावर जुन्या चादरीवर ठेवला. मी स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने एकेका भागावर टकटक करत गेलो आणि ती डोळे मिटून ऐकत बसली.

दस्ता: ‘भरीव.’ रेल, म्हणजे तीर ज्या खोबणीवरून सुटतो ती: ‘ठीक.’ पुढची रिकीब, जिच्यात पाय घालून क्रॉसबो ताणतात: ‘थांब. हे घुंगरू आहे.’ रिकिबीचे दोन बोल्ट. एक आवळलेला, दुसरा बोटाने पाऊण फेरा फिरला. पुढे दुर्बिणीची मागची कडी: ‘इथे पण.’ पट्ट्याची कडी: ती तर हलवायचीही गरज नव्हती. भात्याचा कंस: ‘बाबा, हे तर तू चालतानासुद्धा वाजतं.’ खरं आहे. तीन वर्षं मी ते वाजवत जंगलात हिंडलोय.

सगळ्यात शेवटी तिनेच तिराला रेलवर दाबून धरणाऱ्या पोलादी पट्टीला नखाने टिचकी मारली. पातळ पट्टी, एका टोकाला धरलेली, दुसरं टोक मोकळं. ‘टिंग्ग्ग’ असा लांब आवाज आला. तीर निघून गेला की ही पट्टी मोकळी होते आणि रेलवर आपटून कंप पावत राहते. शेपटीतला तो बारीक, उंच सूर हिचा. मी या पट्टीचा विचारच केला नव्हता. दुकानी मिळणाऱ्या सगळ्या रबरी वस्तू दोरीसाठी आणि पात्यांसाठी असतात, पट्टीसाठी कुणी काही विकत नाही.

८ ऑगस्ट

आवळाआवळी. बोल्ट काढले, आटे स्पिरिटने पुसले, मध्यम ताकदीचं निळं थ्रेडलॉकर, म्हणजे बोल्ट ढिला होऊ न देणारं चिकट रसायन, एकेक थेंब लावून परत बसवले. लाल लावू नका, ते नंतर तापवल्याशिवाय सुटत नाही. पाती ज्या बोल्टने धरली आहेत त्याला हात लावला तो फक्त पुस्तिकेत दिलेल्या जोरापर्यंत आवळला आहे की नाही हे टॉर्क पान्याने बघायला. होता.

पट्टीच्या मोकळ्या टोकावर उष्णतेने आकसणारी नळी चढवली, वायरच्या जोडावर घालतात ती. पहिली नळी जाड निघाली, पट्टी तिराला जास्तच दाबायला लागली आणि तिराच्या अंगावर ओरखडा उठला. पातळ नळी घातली. टिचकी मारली तर आता ‘टप्’.

रिकिबीवर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा ताणून चढवला. दगडावर टेकवताना जो ‘खण्ण’ व्हायचा तो गेला. भाता तर काढूनच ठेवायचं ठरवलं. बसायच्या जागी पोचलो की उतरवायचा.

१० ऑगस्ट

नुकसान एक. चापाभोवतीचं प्लास्टिकचं कडं ज्या दोन स्क्रूंनी धरलंय, त्यांनाही मी उत्साहात थ्रेडलॉकर लावलं होतं. आज बघतो तर स्क्रूच्या भोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा. काही प्लास्टिकना हे रसायन चालत नाही, ताणाखाली असलेलं प्लास्टिक तडकतं. बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं आहे, भिंग घेऊन वाचलं, तेही तडकल्यावर. कडं बदलावं लागणार. प्लास्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूवर आता प्लंबर वापरतो ती पांढरी टेप, दोन वेढे.

१२ ऑगस्ट

मोजणी, दहा तीर. सुळका: फक्त १ डेसिबल कमी. निराशा. मग शेपटी बघितली: ०.३ वरून ०.१७ सेकंद. कानाला हा फरक मोठा वाटतो. मुलगी म्हणाली, ‘आता भांडं पडल्यासारखं नाही वाटत, पोतं पडल्यासारखं वाटतं.’

इथे माझ्या डोक्यात पहिल्यांदा उजेड पडला की धप्प आणि झ्झंण ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. बोल्ट आवळल्याने शेपटी तुटते. सुळका जागचा हलत नाही, कारण तो ढिल्या भागांचा नाहीच. तो कुणाचा, हे कळायला मला अजून अकरा दिवस लागले.

१५ ऑगस्ट

दोरीवरची रबरी झुलपं. रबराच्या बारीक पट्ट्यांचा गुच्छ दोरीच्या धाग्यांमध्ये अडकवतात, दोरी थरथरली की हे गुच्छ हवेत हात हलवून ती ऊर्जा खातात.

मी ती लावली चुकीच्या जागी. दोरी मधे सगळ्यात जास्त थरथरते म्हणून मधल्या गुंडाळ्याच्या, म्हणजे सर्व्हिंगच्या, अगदी लगत लावली. तर्क बरोबर, पण क्रॉसबोला तो चालत नाही. ताणायच्या दोरखंडाचा आकडा नेमका तिथेच बसतो. डावा आकडा रबरावर बसला, उजवा दोरीवर, आणि क्रॉसबो वाकडा ताणला गेला. पुढचे तीन तीर निशाण्याच्या उजवीकडे, चार बोटं. आधी वाटलं माझाच हात हलतोय. मग दोरीवर रेलच्या दोन्ही कडांना मार्करने खुणा केल्या, ताणल्यावर बघितलं तर डावीकडची खूण ५ मिमी सरकलेली. ती खूण आता कायम ठेवली आहे, ताणताना प्रत्येक वेळी दोन्ही खुणा रेलला समान लागल्या की नाहीत ते बघायचं.

झुलपं सोडवून दोरीच्या एकूण लांबीच्या पावावर, दोन्ही टोकांकडून मोजून, लावली. कात्रीने छाटून अर्धी केली. पहिल्या खेपेला पूर्ण लांबीची ठेवली होती, त्यातलं एक रबर सुटताना पात्यावर फटका मारून गेलं आणि नवाच आवाज मिळाला. दोन्हीकडचं अंतर मोजपट्टीने, नजरेने नाही.

फरक: सुळका आणखी १ ने खाली, शेपटी ०.१२. एवढ्या गाजावाजाच्या मानाने थोडंच. दोरीला मेणही लावलं, बोटाने घासून गरम करत आत मुरवलं. सर्व्हिंगवर मेण नाही, तिथे रेलचं वंगण, तेही एकच थेंब.

१९ ऑगस्ट

रिकर्व्हच्या पात्यांची टोकं बाहेर वळलेली असतात. दोरी परत विसावते तेव्हा त्या वळणावर शेवटची दीड-दोन इंच दोरी आपटते. ‘फट्ट’ तो. कापड झटकल्यासारखा.

यावर उपाय फार जुना आणि फार सोपा: दोरी जिथे टेकते तिथे पातळ फेल्ट, म्हणजे नमद्यासारखं दाबलेलं कापड, चिकटवायचा. पाठीमागे गोंद असलेला फेल्ट घेतला, पट्ट्या कापल्या, लावल्या. सातव्या तिराला एक पट्टी सुटून लोंबकळली. पात्याला मेणाचे हात लागलेले होते, गोंद धरणार कसा? स्पिरिटने पुसून परत लावली, रात्रभर कपड्याच्या चिमट्याखाली. नेलपॉलिश काढायच्या द्रवाने पुसायचा मोह झाला होता, आवरला. पात्यावरचा लेप उतरला तर भलतंच महागात पडेल.

यासाठी दोरी उतरवावी लागते, आणि १७५ पाउंडाची दोरी हाताने उतरत नाही. त्यासाठीची वेगळी सहायक दोरी वापरा. घाई केलीत तर पातं हातातून सुटून कुठे लागेल याची कल्पना करून बघा.

सुळका आता एकूण साडेतीनने खाली. अर्ध्या तासाच्या फेल्टने जे केलं ते झुलपांनी दिवसभरात केलं नाही.

२३ ऑगस्ट

आज मूळ दुखणं सापडलं.

पात्यांमध्ये साठलेली ऊर्जा दोन ठिकाणी जाते. तिरात, किंवा परत धनुष्यात. धनुष्यात जी राहते तीच वाजते. तीर हलका असेल तर तो पटकन निसटतो, पाती आणि दोरी उरलेला जोर घेऊन जागेवर येऊन आदळतात. मी तीन आठवडे आदळणाऱ्या वस्तूंना उशा बांधत होतो, आदळणं कमी करायचं सोडून.

इन्सर्ट म्हणजे तिराच्या नळीत बसवायचा, टोक धरणारा तुकडा. अॅल्युमिनियमच्या जागी पितळी इन्सर्ट आणि जड टोक लावून तीन तीर ३३ ग्रॅमचे केले. पहिला बिघडवला. इन्सर्ट गरम गोंदाने बसवताना गोंदाऐवजी तिरालाच मेणबत्तीवर धरलं. कार्बनच्या नळीचे धागे धरून ठेवणारा रेझिन उष्णतेने जातो, तोंडाशी धागे सुटे झाले. तो तीर मोडीत. पुढच्या वेळी इन्सर्ट पकडीत धरून तापवला, गोंद फिरवला आणि आत सरकवला. नळी बोटांना गरम लागता कामा नये.

वेग मोजायला मित्राचं क्रोनोग्राफ आणलं. शेडमध्ये, ट्यूबलाइटखाली. आकडे आले ७५, ११२, ७५, मग नुसतं ‘एरर’, मग ४१. हे यंत्र वरून जाणाऱ्या सावलीवर चालतं आणि ट्यूबची लुकलुक त्याला तीर वाटते. बाहेर ढगाळ उजेडात नेलं, मुकाट बरोबर सांगायला लागलं.

२६ ग्रॅम: सेकंदाला ७४ मीटर. (झुलपांनी एक मीटर खाल्ला.) ३३ ग्रॅम: ६८. वेग गेला म्हणून हळहळ वाटली, मग ऊर्जा काढली: पहिल्याची ७१ ज्यूल, दुसऱ्याची ७६. वेग कमी होऊन तीर उलट जास्त ऊर्जा घेऊन जातोय. त्या वरच्या पाच ज्यूलचाच काही भाग इतके दिवस माझ्या कानात येत होता.

सुळका एका दिवसात अडीचने उतरला, एकूण ६. शेपटी ०.०८. आधी हे केलं असतं तर बाकी निम्म्या गोष्टींची गरज पडली नसती. हे वाचणाऱ्याने इथून सुरुवात करावी.

२४ ऑगस्ट

दुर्बीण परत जुळवली. जड तीर ३० मीटरवर साधारण १५ सेंटिमीटर जास्त खाली येतो. सोळा तीर गेले जुळवण्यात. हरणापर्यंत पोचायला त्याला ०.०३ सेकंद जास्त लागतात, हेही मान्य. मला आवाजाची बाजू जड वाटते. ज्याला वेगाची वाटते त्याने आपला हिशेब करावा.

२८ ऑगस्ट

पात्यांवरची रबरी बटणं, अळंबीच्या आकाराची. टोकाकडे लावली तर पात्याचं टोक जड होतं आणि वेग जातो, म्हणून मुळाकडून एक तृतीयांशावर. नवव्या तिराला उजवीकडचं बटण गोंद सोडून उडालं आणि दुर्बिणीच्या काचेवर आदळलं. काच वाचली. मी मात्र चष्मा घातलेला होता म्हणून हसू शकतो. दोन्ही बाजूंनी चिकटणारी फोमची नवीन टेप लावून चोवीस तास ठेवलं.

सुळक्यात फरक शून्य. शेपटी ०.०८ वरून ०.०६. लावली आहेत म्हणून ठेवली, परत विचाराल तर नाही लावणार.

२ सप्टेंबर

ही नोंद लिहायची नव्हती.

जड तीर दोनच होते म्हणून कपाटातले जुने तीन तीर काढून त्यांनाही पितळी इन्सर्ट बसवले. वजन काट्यावर तोललं, लांबी मोजली, पिसं बघितली. नॉक, म्हणजे तिराच्या मागच्या टोकाचं टोपण, बघितली नाही. माझ्या क्रॉसबोच्या पुस्तिकेत अर्धचंद्र खाचेची नॉक सांगितली आहे, दोरी त्या खाचेत बसते. जुन्या तिरांची नॉक सपाट होती.

दोन तीर नीट गेले, त्यानेच घात केला. तिसऱ्याला चाप ओढला आणि कानशिलात बसावी तसा आवाज झाला. तीर दहा पावलांवर गवतात आडवा, नॉक उभी चिरलेली. दोरी नॉकच्या वरून सरकून गेली होती. म्हणजे जवळजवळ रिकामाच चाप ओढल्यासारखं, ७९ किलोची सगळी खेच धनुष्याच्याच अंगावर.

मी क्रॉसबो खाली ठेवला आणि दहा मिनिटं नुसता बसून राहिलो. हात थरथरत होते हे लिहायला लाज नाही.

मग तपासणी. कापसाचा बोळा पात्यांवरून हलके फिरवला, वरून, खालून, कडांनी. तडा किंवा उभा राहिलेला धागा असेल तर कापूस अडकतो. अडकला नाही. दोरीची सर्व्हिंग मात्र दोन ठिकाणी तुटलेली आणि आतले चार धागे कापलेले. दोरी गेली. तरीही माझ्या कापसावर विसंबलो नाही, दुरुस्तीच्या जाणकाराकडे नेऊन पाती आणि चापाची यंत्रणा तपासून घेतली.

फोन चालू राहिला होता. रात्री आलेख उघडला. सुळका माइकच्या छताला लागून सपाट, शेपटी अर्ध्या सेकंदाच्या वर. ४ ऑगस्टच्या, २६ ग्रॅमच्या तिराच्या आलेखाशेजारी ठेवून बघितला. आकार तोच, फक्त मोठा. तिराचं वजन कमी करत शून्यावर नेलं की हे होतं, आणि मी तीन वर्षं त्याच रस्त्यावर अर्धा पुढे येऊन उभा होतो.

सपाट नॉकचे सगळे तीर त्याच रात्री वेगळ्या डब्यात गेले. डब्यावर मुलीने लाल पेनने लिहिलं: ‘बाबा, हात लावू नकोस.’

१० सप्टेंबर

आठ दिवस दोरीची वाट बघण्यात. आज आली, बसवली. फेल्ट नवा लावला, झुलपं जुन्याच मापाने.

नवी दोरी पहिल्या काही डझन तिरांत ताणली जाते. सकाळी दोरी आणि धनुष्याचा मधला ठोकळा यांतलं अंतर मोजून ठेवलं होतं. तीस तिरांनंतर ते ४ मिमी कमी भरलं आणि ‘फट्ट’ परत यायला लागला. मला आधी फेल्टवर संशय. फेल्ट ठीक होता. दोरी लांबली की तिला विसावायला उशीर होतो आणि ती वळणावर जास्त आपटते.

दोरी उतरवून चार पीळ जास्त दिले. आवाज गेला. हाव सुटली म्हणून आणखी सहा दिले: आवाज तोच, वेग दीड मीटरने कमी आणि दोरीवर गाठोड्यासारखे उंचवटे दिसायला लागले. सहा काढले, चारच ठेवले.

१४ सप्टेंबर

शेवटची मोजणी, तीच जागा, तोच टॉवेल, दहा तीर. सुळका एकूण ७ डेसिबल खाली. शेपटी ०.०६ सेकंद. कानाला आवाज निम्मा वाटायला साधारण १० डेसिबल उतरावे लागतात, म्हणजे मी निम्म्याच्या अलीकडेच थांबलो आहे. क्रॉसबो गप्प होत नाही. ‘धप्प’ आहेच, पण तो आता बोजड, बुटका, आणि त्याच्या मागे काही वाजत नाही.

दुसरा फोन निशाण्याजवळ, पोत्याआड ठेवला होता. तिथे नवीनच गोष्ट ऐकू आली: तीर येतानाची ‘सूंऽऽ’. धनुष्य मोठ्याने वाजायचं तेव्हा ही त्याच्या आवाजाखाली दबलेली होती. उंच, खरबरीत पिसांच्या तिराची जास्त, बुटक्या गुळगुळीत पिसांच्या तिराची कमी. रुंद फाळाच्या, मधे भोकं असलेल्या टोकाने तर शीळच घातली. ते टोक बाद.

हिशेब: मोडलेले तीर २ (एक तापवून, एक नॉक चिरून), दोरी १, चापाचं कडं १, फेल्टचे तीन ताव, रबरी बटणं एक जोडी वाया. वेळ साधारण ३४ तास, त्यातले दहा तरी ३ ऑगस्ट आणि २ सप्टेंबरला लागलेल्या ठेचांचे.

१६ सप्टेंबर

परत एक खुळखुळ. बारीक, शेपटीच्या अगदी शेवटी, पाचातून एकदा. सगळे बोल्ट तपासले, पट्टीवरची नळी तपासली, मुलीला बोलावलं. तिने क्रॉसबोला हातही लावला नाही. माझ्या जॅकेटची चेन वर ओढून कॉलरच्या आत खोचली आणि म्हणाली, ‘आता सोड.’

तीर सोडला. नव्हती.

दोरीचं विसावलेलं अंतर, पिळांची संख्या आणि झुलपांची मापं कागदावर लिहून दस्त्याच्या आतल्या बाजूला चिकटवली आहेत. पुढची दोरी बसवताना शोधाशोध नको.